ताट धुऊन उठा

मल्लव्वाच्या खानावळीत नवा माणूस टिकणार की नाही, हे पहिल्याच जेवणाला कळायचं. आणि ते स्वयंपाकावरून कळत नसे. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा माणूस धाराशिवात अजून जन्मायचा होता. कळायचं ते जेवण संपल्यावर. पाहुणा समाधानानं ढेकर देऊन उठायला लागला की मल्लव्वा तांब्या घेऊन पुढं यायची, त्याच्या रिकाम्या ताटात पाणी ओतायची आणि तिथंच उभी राहायची. जुनी माणसं ते पाणी बोटानं ताटाच्या कडेपर्यंत फिरवायची, ताट दोन्ही हातांनी उचलायची आणि पिऊन टाकायची. नवा माणूस आधी तिच्याकडं बघायचा, मग पाण्याकडं. पाण्यावर येसराच्या आमटीचा तवंग, भाकरीचे चुकार कण, शेंगाच्या चटणीचा लाल गाळ. त्याला वाटायचं, हात धुवायची सोय केली आहे. तो खुशाल पाण्यात हात बुडवायचा आणि सगळी पंगत खाली मान घालून हसू दाबायची.

"प्यायचंय ते," मल्लव्वा सांगायची. "हात धुवायला भाईर दगड हाय."

लिंगायत घरांतली ही जुनी रीत. लिंगाला दाखवून पहिला घास मोडला की ताटातलं सगळं प्रसाद होतं, आणि प्रसादाचा कण टाकायचा नसतो. पण इतर घरं ही रीत आपल्यापुरती पाळत. मल्लव्वा ती आल्यागेल्या सगळ्यांकडून पाळून घ्यायची. मराठा असो, कोष्टी असो, ब्राह्मण असो की कचेरीतला कारकून. तिच्या मते धर्म ज्याचा त्याचा होता. भाकरी मात्र तिची होती.

तिचं चरित्र मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही. माहेर कानडी मुलखातलं, सासर लोहाऱ्याकडचं, नवरा लवकर गेला, एवढंच ऐकून होतो. अंगानं उंच, रुंद हाडापेराची. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, इरकली लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. चालताना तिची टाच जोरात पडायची. त्यामुळं ती येते आहे हे ओसरीवर आधीच कळे, आणि ताटाच्या कडेला काढून ठेवलेला कढीपत्तासुद्धा मुलं घाईघाईनं गिळून टाकत. भेटेल त्याला तिचा पहिला प्रश्न एकच: "ऊटा आय्तेनु?" म्हणजे कानडीत, जेवण झालं का. टपालवाल्याला हाच प्रश्न, भांडायला आलेल्या शेजारणीलाही हाच. एकदा आम्हा विद्यार्थ्यांच्या खोलीची झडती घ्यायला निजामी पोलिसांतला एक जवान आला. त्यालाही तिनं हाच प्रश्न विचारला. तो जेवला, निमूट ताट धुऊन प्यायला, आणि मग इतका सुस्तावला की झडती त्यानं दारातूनच घेतली.

झडती घेण्यासारखं आमच्याकडं बरंच होतं. मी तेरचा; शिकायला धाराशिवला आलो होतो. कागदोपत्री गावाला उस्मानाबाद म्हणायचं, शाळेत सगळं उर्दूतून शिकायचं आणि मराठीतून विचार करायचा, असे ते दिवस. विचार करायला लागणारी पत्रकं बार्शीकडून, इंग्रजी हद्दीतून, कापडाच्या गठ्ठ्यांत लपून येत. त्यांत नुसतं राजकारण नसे. माणसानं काय खावं यावर तर त्या काळी पत्रकांचा पाऊस पडत होता. चहा हे विष आहे. मीठ हे पांढरं विष आहे. मांसाहार ही हिंसा आहे. मांस खाणाऱ्याला नीच मानणं ही त्याहून मोठी हिंसा आहे. ही सगळी पत्रकं मला पटत. जगात इतका अन्याय असताना माणसानं जिभेचे चोचले पुरवावेत हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही.

मल्लव्वाला वाचता येत नव्हतं. पत्रकं मात्र तिच्यापर्यंत पोचत, कारण आम्ही ती जेवताना मोठ्यानं वाचायचो. ऐकून घेऊन ती एवढंच म्हणायची, "ह्ये ज्यानं लिहिलं, त्येला रांधून कोन घालतं?"

तिची शिकवण्याची रीत वेगळी होती. कचेरीतले एक पेशकारसाहेब तिच्याकडं जेवायला येऊ लागले. ताटात थोडं उरवून उठणं हे खानदानी माणसाचं लक्षण, अशी त्यांची समजूत. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी टाकली आणि पाणी न पिता ऐटीत निघून गेले.  दुसऱ्या दिवशी मल्लव्वानं त्यांना अर्धी भाकरी कमी वाढली. साहेबांनी खानदानीपण राखायला तीतलीही थोडी टाकली. तिसऱ्या दिवशी तेवढी आणखी कमी. भाकरी अशी कलेकलेनं घटत गेली आणि एके दिवशी साहेबांच्या ताटात चटणी, कांदा आणि चंद्रकोरीएवढा तुकडा उरला. साहेब चिडले. ही काय थट्टा आहे, म्हणाले.

"थट्टा कशाची, सायेब? तुमी टाकनार तेवढं म्या आदीच गाईला टाकते. तुमाला तरास नको."

पेशकारसाहेब हुशार होते. त्यांनी त्याच जागी खानदान सोडलं, आणि पुढं बदली होईपर्यंत त्यांच्याइतकं चकचकीत ताट पंगतीत कुणाचं नसे.

आमच्या दिगंबरवर तिनं हाच औषधोपचार केला. दिगंबर माझा वर्गमित्र, माझ्याहून कडवा. एक पत्रक वाचून त्यानं जाहीर केलं की अग्नी अन्नाचा प्राण घेतो, तेव्हा यापुढं आपण शिजवलेलं काही खायचं नाही. आम्ही काही जणांनी हात वर केले. मल्लव्वानं शांतपणे हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या ताटांत भिजवलेली ज्वारी, कच्चं वांगं आणि मुळ्याचा पाला आला. शेजारच्या पंगतीत त्या दिवशी शेंगोळे होते. लसणाच्या फोडणीचा वास भिंती ओलांडून येत होता. आम्ही ज्वारी चावत होतो. चावून संपत नव्हती, आणि टाकायची सोय नव्हती. कारण मल्लव्वा तांब्या घेऊन उभी. दुपारची शाळा आम्ही त्याच ताटांपाशी चुकवली. शेवटी दिगंबरनं, अग्नीबद्दलचे आपले विचार घाईचे होते, असं उर्दूत कबूल केलं. मराठीत म्हणायला त्याला लाज वाटली असावी.

दुसरं महायुद्ध चालू होतं. ज्वारी कंट्रोलात गेली होती. पेठेत डब्यातलं नवं वनस्पती तूप आलं होतं आणि ते खावं की नाही यावर गावात दोन तट पडले होते. मल्लव्वानं त्यातलं बोटभर तळहातावर घेतलं, हुंगलं आणि विचारलं, "ह्येची आई कोन?" गाय नाही, म्हैस नाही, असं कळल्यावर तिनं हात धुतला. त्या डब्यावर तिचा तेवढाच निकाल.

पण तिची एक गोष्ट मला खुपायची, आणि ती सांगितल्याशिवाय हे चित्र खरं होणार नाही. तिच्या घरात पंगती दोन होत्या. माजघरात पेठेतले लिंगायत व्यापारी, बाहेर ओसरीवर बाकी सगळे. मधे गुडघ्याएवढी फळी आडवी लावलेली. महारवाड्यातून कुणी आलं तर त्याला मागच्या दारी भाकरी मिळे, पंगतीत नाही. मी यावरून तिच्याशी भांडलो. माझ्याकडं मुद्दे होते, छापील होते. तिनं ते सगळे ऐकले. मग म्हणाली, "यापारी उठतील, तम्मा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. उठू द्या, म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या पत्रकावर चूल पेटंल, पर किती येळ?"

त्या व्यापाऱ्यांवर खानावळ चालत होती, हे खरं होतं. आम्ही विद्यार्थी देणार काय? लोहारा-मुरूमकडून आडतीला आलेले ते चार-पाच व्यापारीच तिची एक अख्खी चूल पेटती ठेवत. त्यांचा म्होरक्या सिद्रामप्पा. पोट सुटलेला, मनानं वाईट नसलेला, पण धर्माच्या बाबतीत स्वतःला तालुक्याचा मुखत्यार समजणारा गृहस्थ.

आणि मग काशी आजारी पडली.

काशी मल्लव्वाकडं भाकऱ्या थापायची. वाशीकडची, मराठ्याची पोर. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी थारा नव्हता. मल्लव्वानं तिला ठेवून घेतलं तेव्हा ती विशी-बाविशीची असेल. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टम्म फुगायची आणि ती फुगली की काशी स्वतःशी हसायची. तिचं हसणं आम्ही त्यापलीकडं कधी पाहिलं नाही. तिला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना काशीचं सगळं घेऊन गेला. अंगणात बाजेवर ती चिंधीसारखी पडून असायची. भाकरी पोटात ठरत नव्हती. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन बघून गेले. मुसलमान गृहस्थ, बोलायला तुटक. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "खून नहीं है बदन में. दो अंडे रोज देव, अव्वा. नहीं तो ये लड़की हाथ से जाती."

मल्लव्वाच्या घरात अंडं! तिच्या उंबऱ्यातून कांदा-लसूण आत येई तेवढाच काय तो तामसपणा. शेजारच्या सुगराबीची कोंबडी भिंतीवर चढली तरी मल्लव्वा तिला हुसकावून, पाणी शिंपडून यायची.

सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. सुगराबी म्हणाली, पोरीला माझ्याकडं पाठवा, मी खाऊ घालते. दिगंबर म्हणाला, दुधात कालवून द्यावं. काशीला सांगूच नये, पेठेलाही नाही. मी दोन पत्रकं डोक्यात घेऊन बसलो होतो आणि ती दोन्ही एकमेकांची तोंडं बंद करत होती.

काशीनं स्वतः तर तोंड मिटूनच घेतलं. ती माहेरी अंडी-मटण खाल्लेली होती. तिला किळस नव्हती. पण ती म्हणाली, "न्हाई आव्वा. ह्या घरात न्हाई. माझ्यापायी पंगत मोडंल. मोडली की तुमी काय करनार?" सुगराबीकडं जायलाही ती तयार होईना. गल्लीनं पाहिलं की पेठेत कळणारच, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं.

त्या दिवशी मल्लव्वाची पूजा लांबली. लिंग तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसली होती. उठली ती सरळ सुगराबीच्या दारात गेली आणि पदरात दोन अंडी घेऊन आली. दिगंबरनं पुन्हा दुधाचं सुचवलं तेव्हा तिनं त्याला एकदाच उत्तर दिलं:

"चोरून खाल्लेलं अंगी लागत न्हाई. आन् फशिवून खाऊ घातलेलं तर इख."

अंगणात, सगळ्यांना दिसेल अशा कोपऱ्यात, तिनं तीन दगडांची नवी चूल मांडली. नव्या गाडग्यात पाणी घालून अंडी सोडली. धाराशिवातली सगळ्यात नावाजलेली सुगरण अंडं शिजवायला बसली, आणि आम्ही शाळा विसरून बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं तिनं तुराटीच्या काडीनं अंडं टोचून बघितलं. कडक. तिनं जाळ वाढवला. पुन्हा टोचलं. कडकच. पाणी आटलं, तिनं आणखी घातलं. तिच्या हिशेबात बटाटा काय, रताळं काय, शिजलं की मऊ पडणार. दुपार कलली तरी अंडं काही मऊ पडेना, आणि मल्लव्वाच्या तोंडावर मी पहिल्यांदाच चुलीपुढं हार खाल्लेल्या बाईचा भाव बघितला. आमच्यापैकी कुणाची बोलायची छाती नव्हती. शेवटी सुगराबीनं भिंतीवरून डोकावून विचारलं काय चाललंय, आणि मग ती भिंतीला धरून इतकी हसली की तिची कोंबडीही ओरडायला लागली.

"आव्वा, अंडा है वो, आलू नहीं! जित्ता उबालते उत्ता पत्थर होता!"

मल्लव्वाही हसली. पण हसत हसत तिनं सोललेलं ते दगडासारखं अंडं काशीच्या तोंडाशी नेलं तेव्हा काशीनं मान फिरवली आणि ती रडायला लागली. अंडी टाकणं तर शक्य नव्हतं. मल्लव्वानं ती पानात गुंडाळून सुगराबीला परत नेऊन दिली आणि ती तिनं खाऊन संपवलेली डोळ्यांनी बघून मगच परतली.

पेठेत बातमी पोचायला संध्याकाळ लागली नाही.

दुसरा दिवस बाजाराचा. व्यापाऱ्यांनी आदल्या दिवशीच आडतीवर बसून बेत ठरवला होता, हे मागून कळलं. दारातूनच परत गेलं तर बघणार कोण? म्हणून जेवायला बसायचं, वाढून होऊ द्यायचं आणि ताटावरून सगळ्यांनी एकदम उठायचं. त्याशिवाय गावाला कळायचं नाही. बेत उत्तम होता. आमच्या पत्रकांतही निषेधाची ही तऱ्हा शिफारशीची होती.

ते आले. बसले. माजघराच्या दारातून अंगण दिसत होतं. कोपऱ्यात तीन दगडांवर गाडगं चढलेलं, त्यात आजची अंडी, बाजेवर काशी. मल्लव्वानं वाढलं. गरम भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. सिद्रामप्पानं सवयीनं भस्म लावलं, लिंगाला ताट दाखवलं, मंत्र पुटपुटला आणि सवयीनंच भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवून तोंडात टाकला. त्याचं बघून बाकीच्यांनीही टाकला. इतक्या वर्षांची सवय; हाताला निषेधाचं कुणी सांगितलंच नव्हतं. दोन घास गिळून झाल्यावर शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा सिद्रामप्पाला आठवलं. तो गडबडीनं उभा राहिला. बाकीचेही उठले.

"आव्वा," तो सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या घरात अंडं शिजतंय. आमी हितं जेवनार न्हाई."

"नगा जेवू," मल्लव्वा म्हणाली. तिच्या हातात आमटीचा पळा होता. तिनं त्याच्या ताटाकडं बघितलं. "पर घास मोडलाय की तुमी, अण्णा."

सिद्रामप्पानं खाली बघितलं. भाकरीचा तुकडा तुटलेला होता. आमटीत बोटं बुडाल्याची खूण होती. तोंडात चव होती.

"लिंगाला दावलंय. परसाद झालाय त्येचा," ती म्हणाली. "टाकून जायचं आसंल तर जावा. म्या आडवत न्हाई. मातुर लोहाऱ्याला गेल्यावर म्हातारीला तुमीच सांगा, परसाद टाकून उठलो म्हून. मला सांगायला लावू नगा."

सिद्रामप्पाची आई साऱ्या लोहाऱ्याला माहीत होती. पंगतीत लेकरानं शीत सांडलं तर ते उचलून खायला लावणारी बाई.

 जावं तर प्रसाद टाकल्याचं पाप, बसावं तर बाटलेल्या घरात जेवल्याचं. ओसरीवर आमच्या हातातले घास हातातच राहिले.  सिद्रामप्पानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा गळ्यातल्या लिंगाला हात लावला, आणि मग भिंतीचा आधार घेत हळूहळू खाली बसला. त्याच्या मागोमाग बाकीचे. आणि ते चौघे-पाचजण रागारागानं जेवू लागले.

रागानं जेवणारी पंगत मी त्याआधी पाहिली नव्हती.  मल्लव्वानं आग्रह केला नाही, कमीही वाढलं नाही. मधेच टोकाला बसलेल्या व्यापाऱ्यानं सिद्रामप्पाच्या नजरेआडून वाटी हळूच पुढं सरकवली, आणखी आमटीसाठी. तिनं तीही मुकाट्यानं भरली. जेवण संपलं. तांब्या घेऊन ती पुढं आली, एकेकाच्या ताटात पाणी ओतलं. सिद्रामप्पानं बोट फिरवलं, ताट उचललं आणि डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

बाजेवरची काशी मान वळवून ते सगळं बघत होती.

मल्लव्वा तांब्या ठेवून अंगणात गेली. गाडग्यातलं अंडं काढलं, फुंकर मारत, बोटं भाजत सोललं. नवखे हात, निम्मं पांढरं टरफलाबरोबरच जात होतं. चमच्यानं मोडून त्यावर मिठाचे कण टाकले आणि बाजेपाशी जमिनीवर बसली.

"बग," ती काशीला म्हणाली, "पंगत जेवली. ताटं धुऊन प्याली. आता तुजं ऱ्हायलंय."

काशीनं तोंड उघडलं.

सिद्रामप्पा तेव्हा उंबऱ्यात चप्पल घालत होता. त्यानं ते बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. 

ही गोष्ट इथं संपली असती तर तिच्यावर एक झकास पत्रक निघालं असतं. पण व्यापाऱ्यांपैकी तिघं त्यानंतर आले नाहीत. माजघरच्या पंगतीची चूल विझली ती विझलीच. आमच्या भाकरीवरचं तूप गेलं, तेलाची धार बारीक झाली, आणि मल्लव्वा भल्या पहाटे स्वतः जात्यावर बसू लागली, कारण दळणाला बाई परवडेना. तिनं त्याबद्दल आमच्याजवळ चकार शब्द काढला नाही. आम्हीच मग पाणी भरायला, लाकडं फोडायला लागलो. दिगंबरला लाकडं धड फोडता येत नसत.

सिद्रामप्पा मात्र पुढच्या बाजाराला परत आला. दुसरीकडची भाकरी पातळ असते, असं दारातच पुटपुटला. माजघरात बसला, पण अंगणाकडं पाठ करून. काशी पुरती उठून भाकऱ्या थापायला लागेपर्यंत तो पाठ करूनच जेवत राहिला. मधे एकदा त्यानं पाठीमागं न बघता मल्लव्वाला विचारलं, पोरीचं कसं हाय. बरं हाय, म्हणाली. तर म्हणाला, "मग आमटीत मीठ कमी का?"

पुढं शिक्षण संपलं, मी धाराशिव सोडलं. राजवट गेली. कचेरीवरचं निशाण बदललं. बऱ्याच वर्षांनी एका परिषदेला म्हणून पुन्हा त्या गावी गेलो. देशातल्या अन्नटंचाईवर तिथं जळजळीत ठराव पास झाले. मीच एक मांडला होता. नंतर जेवणावळ झाली आणि मांडवामागं उष्ट्या पत्रावळींचा ढीग पडला. त्यात जिलबी होती, मसालेभात होता, आणि ढिगाभोवती उभी असलेली माणसंही होती. मी तिथून उठलो आणि चालत मल्लव्वाच्या गल्लीत आलो.

दारात काशी होती. अंगानं भरलेली, पदर कमरेला खोचलेला. चालताना टाच जोरात पडत होती. खानावळ आता तीच चालवत होती. आत पाऊल टाकलं तर माजघर आणि ओसरीमधली ती फळी दिसेना. विचारलं, तर म्हणाली, "आव्वानंच काढाय लावली. जळनाला घातली." महारवाड्यातल्या माणसांसकट पंगत एकच बसली होती, आणि मागच्या दाराला कडी होती.

मल्लव्वा अंगणात बाजेवर होती. त्याच कोपऱ्यात. उंच हाडं तेवढी उरली होती. मला तिनं ओळखलं की नाही, कोण जाणे. प्रश्न मात्र तोच आला. "ऊटा आय्तेनु?" झालं, म्हणालो. काशी हळूच सांगत होती: डॉक्टर म्हणतात अंगात काही राहिलं नाही, अंडं द्या, आव्वा ऐकत न्हाई. "मला चारलं तिनं आन् आता सोता बगा." काशीचा आवाज चढला होता. हे भांडण रोजचं असावं.

मी मल्लव्वाला म्हणालो, तुम्हीच तर काशीला सांगितलं होतं.

ती हसली. दात राहिले नव्हते. "हिच्या 'न्हाई'मदी भ्या हुतं, तम्मा. माज्या 'न्हाई'मदी न्हाई."

काशी उठून गेली आणि ताट घेऊन आली. दुधात चुरलेली भाकरी, मुठीएवढीही नव्हती. मल्लव्वानं लिंगाला ताट दाखवलं. घास घेतले, मोजके, सावकाश. मग हात थांबला. ताटात थोडं उरलं होतं. तिनं ताटाकडं बघितलं, काशीकडं बघितलं, आणि माझ्या ओळखीच्या त्या करड्या चेहऱ्यावर लहान मुलाची भीती आली.

काशी बाजेपाशी जमिनीवर बसली आणि उरलेले घास तिनं खाऊन टाकले. तांब्यातून ताटात पाणी ओतलं, बोट कडेपर्यंत फिरवलं. ताट आधी मल्लव्वाच्या ओठांना लावलं. तिनं एक घोट घेतला. उरलेलं काशीनं दोन्ही हातांनी उचललं आणि डोळे मिटून पिऊन टाकलं.